आजीच्या टॅबलेटवर लग्नाची फिल्म: २७ जीबीची सव्वादोन जीबी कशी झाली

मामेबहिणीचं लग्न झालं डिसेंबरात आणि शूटिंगवाल्याने पेन ड्राइव्ह दिला मार्चमध्ये (हे लवकरच म्हणायचं), त्यात अडीच तासांची एकच फाईल, २७ जीबीची. आजी राहते संगमेश्वरजवळ गावाला, तिला लग्नाला येता आलं नव्हतं, गुडघे. तिच्याकडे आठ इंची जुना टॅबलेट आहे, मामाने कधीतरी भजनं बघायला घेऊन दिलेला, ३२ जीबीचा आणि त्यातले रिकामे जेमतेम १७. म्हणजे फाईल आत मावतच नाही, आणि मोठं कार्ड घालून लावून बघितली तर चित्र दोन सेकंद चालायचं, थांबायचं, आणि भटजींचा आवाज पुढे निघून जायचा. मामा म्हणाला, "तू त्या कंप्युटरमधली ना, कन्व्हर्ट मार काहीतरी."

कन्व्हर्ट मारणं दहा मिनिटांत शिकता येतं हो, पण काय मारतोय ते कळलं नाही की मग एकच फाईल पाच वेळा रात्रभर कन्व्हर्टला लावून ठेवायची आणि सकाळी बघायचं तर आवाजच नाही, असलं होतं. माझं झालं. म्हणून हे सगळं जरा बैजवार लिहितेय.

पहिल्यांदा हे बघा की ती २७ जीबीची फाईल सुद्धा आधीच पिळून काढलेली आहे. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० ठिपके आणि उभे १०८०, एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, तीन बाइट. म्हणजे एक चित्र साधारण ६.२ एमबीचं. आमच्या शूटिंगवाल्याने सेकंदाला ५० चित्रं घेतली होती, का ते त्यालाच माहीत, बहुतेक नवरीची एन्ट्री स्लो मोशनमध्ये दाखवायची म्हणून. तर सेकंदाला झाले ३११ एमबी, आणि अडीच तासांचे २८०० जीबी. म्हणजे कॅमेरा आणि एडिटिंगच्या कंप्युटरने मिळून आधीच शंभरातला जवळजवळ ९९ वाटा टाकून दिलाय आणि आपल्याला तो गेलेला कळलेलाही नाही. आपल्याला फक्त त्याच्या पुढचं थोडं टाकायचंय. कन्व्हर्ट करणं म्हणजे टाकणं, एवढंच असतं ते, आणि सगळी मेख काय टाकलं तर डोळ्याला कळणार नाही हे ओळखण्यात आहे.

मग काय काय टाकतात? सगळ्यात आधी रंग. आपले डोळे उजेड-अंधारातला फरक फार बारीक टिपतात, रंगातला तेवढा नाही. त्यामुळे व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात आणि रंग मात्र चार ठिपक्यांच्या चौकोनाला मिळून एकच. फुल एचडी फिल्मचा रंग खरं तर ९६० बाय ५४०चाच असतो, कोणी बोलत नाही एवढंच. पटत नसेल तर लग्नाच्या फिल्ममध्ये लाल शालूची कड जवळून बघा, हिरव्या चुड्याला लागून असेल तिथे, जरा पसरल्यासारखी दिसेल. तो शूटिंगवाल्याचा फोकस चुकलेला नसतो.

दुसरं म्हणजे जे हललं नाही ते परत लिहायचं नाही. मांडवात मागचा पडदा, फुलांच्या माळा, खुर्च्या, हे सगळं दोन-दोन मिनिटं जागचं हलत नाही, मग सेकंदाला पन्नास वेळा तोच पडदा कशाला साठवायचा. म्हणून मधूनमधून एक चित्र पूर्ण ठेवतात, त्याला कीफ्रेम म्हणतात, आणि पुढच्या चित्रांत फक्त बदल लिहितात. बदलही कसा, तर चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि म्हणायचं, हा चौकोन मघाशी होता त्याच्या तीन ठिपके उजवीकडे सरकलाय, बाकी तोच. काही चित्रं तर मागचं आणि पुढचं अशी दोन्ही चित्रं बघून मधलं काय असेल ते काढतात. मामा उठून चालत गेला तर अख्खा मामा परत काढत नाहीत, मामाचे चौकोन सरकवतात.

तिसरं म्हणजे आकडे गोल करायचे. चौकोन सरकवूनही थोडा फरक उरतोच, तो फरक आकड्यांत मांडतात, ठळक बदल एकीकडे, बारीक पोत दुसरीकडे, आणि मग भाजीवाली ४७ रुपयांचे ५० करते तसं ते आकडे गोल करून टाकतात. बारीक पोताचे बरेच आकडे गोल करता करता शून्यच होतात, आणि शून्यं लिहायला जागा जवळजवळ लागत नाही. जेवढं जास्त ढोबळ गोल कराल तेवढी फाईल लहान आणि चित्र गुळगुळीत, मेणाच्या पुतळ्यासारखं.

आता मंगलाष्टकांचा सीन घ्या. "शुभमंगल सावधान" झालं की दोनशे माणसं एकदम अक्षता उडवतात, तांदळाचा एकेक दाणा वेगळ्या दिशेला, वेगळ्या वेगाने, फिरत फिरत, वर फोटोवाल्याचे फ्लॅश. म्हणजे सरकलेला चौकोन शोधायचा म्हटलं तर सापडणारच नाही, कारण मघाच्या चित्रात तसा चौकोन नव्हताच. प्रत्येक चित्र जवळजवळ नवीन. इथे फाईलला एकदम खूप बिट लागतात, ते मिळाले नाहीत की गोल करणं भयंकर ढोबळ होतं आणि नवरा-नवरीच्या तोंडावर चौकोन चौकोन उमटतात, नेमकं त्याच क्षणी जो बघायला आजी थांबलीये. विसर्जनातला गुलाल, पाऊस, धबधबा, कारंजं, सगळ्यांची हीच तऱ्हा. म्हणून कुठलीही सेटिंग तपासायची असेल तर फिल्मची पहिली दोन मिनिटं कन्व्हर्ट करून बघू नका, तिथे गणपतीचा फोटो आणि नावं असतात, ती कशीही छानच दिसतात. अक्षतांची दोन मिनिटं काढा. आणि एक अंधारातला सीन, रात्रीची वरात चालेल, कारण काळ्या आभाळात गोल केल्याचे पट्टे पट्टे दिसायला लागतात.

बरं, एवढं सगळं ज्या पद्धतीने करतात त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. आज सगळीकडे चालणारा म्हणजे एच.२६४, तो २००३चा. त्याच्या पुढचा एच.२६५, ज्याला एचईव्हीसी पण म्हणतात, तो २०१३चा, तेवढ्याच क्वालिटीला बरीच कमी जागा घेतो. आणि २०१८चा एव्ही१, तो आणखी कमी. मग सगळ्यात नवा का घ्यायचा नाही? कारण टॅबलेट.

पण त्याआधी एक घोळ मिटवू. लोक म्हणतात "माझी फाईल एमकेव्ही आहे, एमपी४ पाहिजे." एमकेव्ही आणि एमपी४ हे कोडेक नाहीत, हे डबे आहेत. डब्यात एका कप्प्यात चित्र, एका कप्प्यात आवाज, एका कप्प्यात सबटायटल. एमकेव्हीच्या डब्यात एच.२६४ असू शकतं आणि एमपी४च्या डब्यातही तेच एच.२६४ असू शकतं. तुमच्या टॅबलेटला भाजी चालते पण डबा उघडत नाही असं असेल, तर भाजी परत शिजवायची काय गरज, डबा बदला. याला रीमक्स म्हणतात, क्वालिटी तसूभर जात नाही आणि काम काही मिनिटांत होतं कारण नुसती कॉपी असते. एफएफएमपेग हे फुकट सॉफ्टवेअर हे करतं (२०००पासून आहे, अर्धं जग त्याच्यावर चालतं), पण ते कमांड टाइप करून चालवावं लागतं, त्याची भीती वाटत असेल तर लॉसलेसकट नावाचं बटणंवालं आहे, तेही फुकट. लोक तीन तासांची फिल्म रात्रभर कन्व्हर्टला लावतात जिथे डबा बदलून भागलं असतं, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कोणी विचारलं की मी आधी विचारते, आत काय आहे ते बघितलंस का. बघायला मीडियाइन्फो म्हणून छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, फाईल त्यात टाकली की डबा, कोडेक, बिटरेट (म्हणजे सेकंदाला किती बिट खर्च होतात ते), सेकंदाला चित्रं, आवाजाचा प्रकार, सगळी कुंडली येते.

आमच्या फाईलची कुंडली अशी होती: एमपी४, एच.२६४, १९२० बाय १०८०, सेकंदाला ५० चित्रं, २४ एमबीपीएस, लेव्हल ४.२. ही लेव्हलच होती सगळ्या अडकण्याचं कारण. टॅबलेटमध्ये व्हिडिओ उलगडायला प्रोसेसरच्या चिपवरच एक वेगळा भाग असतो, तो फक्त तेवढंच काम करतो आणि बॅटरी फार कमी खातो. पण त्याची ठरलेली ताकद असते आणि ती लेव्हलमध्ये सांगतात. लेव्हल ४.१ म्हणजे सेकंदाला २,४५,७६० चौकोन, ते मघाचे १६ बाय १६चे. फुल एचडीच्या एका चित्रात ८१६० चौकोन बसतात, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं कशीबशी पार पडतात, २५ आरामात. ५० चित्रं म्हणजे ४,०८,००० चौकोन, आजीच्या टॅबलेटची चिप ४.१वाली, ती म्हणते मला जमणार नाही. मग प्लेअर ते काम मुख्य प्रोसेसरकडे ढकलतो, तो बिचारा धापा टाकत करतो, टॅबलेट इस्त्रीसारखा तापतो, चित्र अडकतं, आणि आवाज हलका असल्यामुळे पुढे निघून जातो. एचईव्हीसीचं पण तेच, जुन्या चिपला तो माहीतच नसतो. म्हणून टॅबलेट पाच-सहा वर्षांहून जुना असेल आणि नक्की माहिती नसेल तर गुपचूप एच.२६४ आणि रंगाला साधं ८ बिटचं सेटिंग, फाईल थोडी मोठी होईल पण चालेल. नवा टॅबलेट असेल तर एचईव्हीसी लावा, जागा वाचेल.

आता साइज. टॅबलेटचा पडदा १२८० बाय ८००. फुल एचडी फाईल लावली तरी तो पडदा १९२० ठिपके दाखवणार कुठे, तो त्यातले निम्म्याहून जास्त ठिपके तिथल्या तिथे टाकूनच देतो, रोज, प्रत्येक वेळी लावलं की. मग ते आपणच एकदा टाकून द्यावेत. ७२०पी म्हणजे १२८० बाय ७२०, तो या पडद्यावर रुंदीला तंतोतंत बसतो, वर-खाली ४० ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या राहतात, त्या राहू द्या. पट्ट्या नकोत म्हणून चित्र ताणणारे लोक असतात, त्यांच्या फिल्ममध्ये सगळे वऱ्हाडी उंच आणि बारीक दिसतात. आणि ५० ऐवजी २५ चित्रं घेतली, बरोबर एकाआड एक टाकायचं, म्हणून हालचाल सरळ राहते. ५०ची २४ किंवा ३० करायला जाऊ नका, हिशोब जमत नाही आणि चालणारा माणूस हिसके देत चालतो.

जुन्या कॅमेऱ्याची कॅसेट किंवा डीव्हीडी किंवा एमटीएस नावाच्या फाईली असतील तर अजून एक भानगड असते, इंटरलेसिंग. त्यात एका वेळी चित्राच्या एकाआड एक ओळीच घेतलेल्या असतात, जुन्या टीव्हीसाठी ते बरोबर होतं, पण टॅबलेटवर हात हलवला की हाताच्या कडेला कंगव्याचे दाते दिसतात. कन्व्हर्ट करताना डीइंटरलेस चालू करायचं, आणि लहान करायच्या आधी करायचं, नाहीतर ते दाते चित्रात कायमचे मुरतात. हँडब्रेक नावाचं कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर ते बरोबर क्रमाने करतं.

हो, हँडब्रेक. मी तेच वापरते, फुकट आहे, २००३पासून आहे, अननस आणि ग्लासचं चित्र असतं त्याला, गाडीचा हँडब्रेक शोधू नका. त्यात फाईल टाकायची, तयार सेटिंगांतून "फास्ट ७२०पी३०" निवडायची (फाईल ५० चित्रांची असेल तर फ्रेमरेट तेवढा ३०चा २५ करायचा) आणि निम्म्या लोकांचं काम तिथेच संपतं, खरंच. बाकीच्या निम्म्यांसाठी पुढचं.

त्यात क्वालिटीसाठी दोन रस्ते असतात आणि इथे लोक गडबडतात. एकात तुम्ही क्वालिटीचा आकडा सांगता, दुसऱ्यात बिटरेट. पंगतीचं बघा. पहिला रस्ता म्हणजे प्रत्येकाचं पोट भरेपर्यंत वाढा, भात किती लागला ते शेवटी मोजू. याला सीआरएफ म्हणतात, हँडब्रेकमध्ये आरएफ लिहिलेलं दिसतं. सप्तपदीत माणसं हळू चालतायत तिथे थोडे बिट, अक्षतांना भरपूर, जिथे जेवढी भूक तेवढं. फक्त फाईल शेवटी केवढी होईल ते आधी कळत नाही. दुसरा रस्ता म्हणजे भात एवढाच शिजवलाय, यात सगळी पंगत उरका. त्यात पहिल्यांदा वाढायला घेतलं तर सुरुवातीच्या पानांना जास्त पडेल आणि शेवटी ओरड होईल, म्हणून टू-पास करतात, वाढप्याने आधी पंगतीवरून एक मोकळी फेरी मारायची, कोण किती खाणारा ते बघायचं, मग दुसऱ्या फेरीत तेवढ्याच भातात नीट वाटायचं. कार्डात बरोबर ४ जीबीच जागा आहे असं असेल तेव्हाच या दुसऱ्या रस्त्याला जा. नाहीतर माझं मत विचाराल तर नेहमी पहिला.

आकडा उलटा चालतो हे मात्र लक्षात ठेवा, कमी आकडा म्हणजे जास्त क्वालिटी. ७२०पीला २० ते २३च्या मध्ये कुठेही ठेवा. सहाने आकडा वाढवला की फाईल साधारण निम्मी होते, सहाने कमी केला की दुप्पट. लोक "बेस्ट क्वालिटी" म्हणून १५ ठेवतात आणि मग म्हणतात कन्व्हर्ट करून पण फाईल लहान होत नाही. मी २१ ठेवला, अक्षतांची दोन मिनिटं काढून टॅबलेटवरच बघितली (लॅपटॉपवर बघून ठरवू नका, पडदा वेगळा), ठीक होतं, मग पूर्ण लावली. झाली सव्वादोन जीबीच्या जरा वर.

हिशोबासाठी एक ओळ पाठ करून ठेवा: १ एमबीपीएस म्हणजे तासाला ४५० एमबी. त्यातला पहिला बी बिटचा असतो आणि दुसरा बाइटचा, ८ बिटांचा एक बाइट, घोळ तिथेच होतो. शूटिंगवाल्याचे २४ एमबीपीएस म्हणजे तासाला १०.८ जीबी, अडीच तासांचे २७. माझी झाली साधारण २ एमबीपीएस, तासाला ९०० एमबी. कोणी सांगितलं की अमुक सॉफ्टवेअर ३ तासांचा फुल एचडी पिक्चर ३०० एमबीत बसवतं आणि क्वालिटी जराही जात नाही, तर या ओळीने गुणाकार करा, सव्वादोनशे केबीपीएस पण येत नाही, त्यात अक्षता तर सोडाच, मागचा पडदा पण नीट दिसणार नाही.

अजून एक सरकपट्टी असते स्पीडची, अल्ट्राफास्टपासून व्हेरी स्लोपर्यंत. हळू म्हणजे कंप्युटर सरकलेला चौकोन जास्त नेटाने शोधतो, त्यामुळे तेवढ्याच क्वालिटीची फाईल लहान होते. मीडियम बरा, रात्रभर लावणार असाल तर स्लो. त्याच्याही पलीकडे प्लासीबो नावाचं सेटिंग आहे, म्हणजे डॉक्टर समाधानासाठी देतात ती साखरेची गोळी, बनवणाऱ्यांनीच ते नाव ठेवलंय, यावरून काय ते समजा. ग्राफिक्स कार्डाने कन्व्हर्ट करायचा पर्याय पण असतो, प्रचंड फास्ट, पण तेवढ्याच क्वालिटीला फाईल मोठी होते. माझ्या जुन्या लॅपटॉपने साध्या पद्धतीने संध्याकाळी सातला सुरू केलं ते रात्री दहाला संपवलं, पंखा कुकरसारखा ओरडत होता.

मघाशी म्हटलं ना सकाळी बघितलं तर आवाजच नाही, ते लग्नाच्या फिल्मचं नव्हतं, ओळखीतल्या नाटकाच्या ग्रुपने मोठ्या पडद्यासाठी केलेल्या रेकॉर्डिंगचं होतं. त्यात आवाज सहा स्पीकरचा, ५.१, डॉल्बीमधला. तो उलगडायची सोय स्वस्त टॅबलेट आणि बऱ्याच प्लेअरमध्ये नसते, म्हणून चित्र झकास आणि आवाज शून्य. मी कन्व्हर्ट करताना आवाज जसाच्या तसा पुढे पाठवला होता, क्वालिटी जाईल म्हणून, शहाणपणा. टॅबलेटला एक नाहीतर दोन टिचभर स्पीकर असतात, त्याला सहाचं काय करायचंय, सरळ एएसी (आवाजाचा सगळीकडे चालणारा कोडेक) स्टीरिओ १२८ किंवा १६० केबीपीएस करा. ५.१मध्ये संवाद बहुतेक मधल्या स्पीकरला असतात, सहाचे दोन करताना ते पडतात आणि पार्श्वसंगीत अंगावर येतं, त्यासाठी हँडब्रेकमध्ये आवाजाच्या टॅबला डीआरसी (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करणारं) आणि गेन (सगळाच आवाज वाढवणारं) असतं, थोडं वाढवून बघा. आजीला ऐकायला कमी येतं, तिच्यासाठी मी गेन ४ डेसिबल वाढवला.

आणि ऐकायला कमी येतं म्हणूनच माझ्या भावाने उखाणे आणि भाषणांची मराठी सबटायटल टाइप केली होती, प्रेमाने, आणि टॅबलेटवर आले नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. सबटायटलची एसआरटी फाईल ही साधी टेक्स्ट फाईल असते, ती सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडलं नाही तर देवनागरीचा असाच भुगा होतो. नोटपॅडमध्ये सेव्ह ॲज करताना खाली एन्कोडिंग असतं तिथे बघा. ते करूनही टॅबलेटवरच्या प्लेअरने जोडाक्षरं तोडली, "लक्ष्मी"चे तुकडे तुकडे, मग वैतागून अक्षरं चित्रावरच छापून टाकली, त्याला बर्न-इन म्हणतात. नंतर बंद करता येत नाहीत, पण आजी कुठे बंद करणारे. छापताना मोठ्या टायपात छापा, आठ इंची पडद्यावर टीव्हीच्या मापाची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात.

नातेवाइकांनी मोबाईलवर काढलेल्या क्लिपा जोडायच्या असतील तर तीन सापळे. नवे फोन बऱ्याचदा एचईव्हीसीत रेकॉर्ड करतात, ते जुन्या टॅबलेटला कळत नाही. काही फोन एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला धरून, रेकॉर्ड करतात, ते साध्या पडद्यावर दहा वेळा धुतलेल्या साडीसारखं फिकं दिसतं, त्याला टोन मॅपिंग, म्हणजे तो पल्ला साध्या पडद्यात बसवणं, करावं लागतं किंवा पुढच्या वेळी फोनमध्ये एचडीआर बंद करून शूट करायला सांगायचं, दुसरं सोपं. आणि फोन सेकंदाला चित्रं एकसारखी घेत नाही, उजेड कमी झाला की कमी घेतो, त्यामुळे कन्व्हर्ट झाल्यावर ओठ आणि आवाज हळूहळू लांब जातात. हँडब्रेकमध्ये "कॉन्स्टंट फ्रेमरेट" निवडलं की हे सुटतं.

इथपर्यंत सगळं आपल्याच फाईलींचं बोलतेय. ओटीटीच्या ॲपमध्ये डाउनलोड केलेला पिक्चर काढून कन्व्हर्ट करू का असं विचारणारे असतात. तो कुलूपबंद असतो, ॲपच्या बाहेर उघडतच नाही, आणि कुलूप तोडणं कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ खाली गुन्हा ठरू शकतं. गरजही नाही, ॲपमध्येच डाउनलोडची क्वालिटी कमी ठेवायला मिळते, आठ इंचाला स्टँडर्ड पुरते. कोकण रेल्वेने जाताना करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात रेंजची वाट बघण्यापेक्षा ते निघण्याआधी घरीच वायफायवर करून ठेवावं. आणि नुसता हात बसवायला फाईल पाहिजे असेल तर ब्लेंडर फाउंडेशनने सगळ्यांना वापरायला दिलेल्या छोट्या ॲनिमेशन फिल्म आहेत, फुल एचडीत मिळतात.

टॅबलेटमध्ये टाकताना एकच अडचण येते, ४ जीबीच्या वरची फाईल कार्ड घेत नाही, "जागा नाही" म्हणतं आणि कार्डात तर ५० जीबी रिकामे. ते कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं असतं, त्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी मावतच नाही. एक्सफॅट करा, अर्थात टॅबलेटला ते चालत असेल तर, नाहीतर फिल्मचे दोन भाग करा, मध्ये जेवणाची सुट्टी. आणि मूळ पेन ड्राइव्ह पुसायचा नाही, काही झालं तरी. कन्व्हर्ट केलेल्यावरून परत कन्व्हर्ट करणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, टाकलेलं परत येत नसतं.

तर टॅबलेट मामाबरोबर गावी गेला, चालला, न अडकता, न तापता, मी खूश. चौथ्या दिवशी आजीचा फोन, "अगं, ती मागे निळ्या साडीतली कोण गं?" मी म्हटलं कुठे, तर म्हणे अंतरपाट धरलाय तिथे, मागे उभी, तोंड नीट दिसत नाही, मी मोठं केलं तर पुसट होतं. आजी दोन बोटांनी झूम करत होती! भजनांच्या व्हिडिओत तबलजी कोण ते बघायला शिकली होती म्हणे. माझा सगळा हिशोब पडद्याला १२८०च्या वर दिसतच नाही या गृहीतावर आणि इथे आजीने चित्राचा एक कोपराच अख्ख्या पडद्याला ताणलेला. शिवाय परत परत मागे नेऊन बघायचं तर प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद भलतीकडेच जायचं, कारण कीफ्रेम साधारण दर दहा सेकंदांना एक, आणि टॅबलेटवरचा प्लेअर तिथेच उडी मारतो.

मग पेन ड्राइव्ह परत काढला. मंगलाष्टकांपासून सूनमुखापर्यंतची १५ मिनिटं वेगळी काढली, पूर्ण फुल एचडी, फक्त २५ चित्रं म्हणजे चिपला झेपेल असं, आरएफ १८, आणि कीफ्रेम दर दोन सेकंदांना. ६ एमबीपीएस आली, ६७५ एमबी. बाकीची अडीच तासांची फिल्म आहे तशीच राहू दिली, वरात कोणी झूम करून बघत नाही. पुढच्या शनिवारी मामा आला तेव्हा कार्डात घालून दिली. निळ्या साडीतली नवऱ्याकडची निघाली, आजीला वाटत होतं तिच्या माहेरची कोणी असेल.